धारकाकांचा सढळ हात

धारकाकांना रिकामं भांडं बघवत नसे. जेवणाऱ्या माणसासमोरचा पाण्याचा ग्लास अर्ध्याच्या खाली गेला की त्यांना चैन पडत नसे. मग ते हॉलच्या कुठल्याही कोपऱ्यात असोत, जग घेऊन तिथे पोचत आणि खांद्याइतक्या उंचीवरून अशी बारीक, सरळ धार सोडत की ग्लास काठोकाठ भरे आणि टेबलावर एक थेंब सांडत नसे. नाव त्यावरूनच पडलं होतं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई, आणि तेव्हा कुणाला हाक मारली हे बघायला काका स्वतःच मागे वळत.

"हवं का?" हा प्रश्न त्यांच्या तोंडी कधी आला नाही. विचारलं की माणूस लाजून नको म्हणतो आणि अर्धपोटी उठतो, हे त्यांचं पक्कं मत. म्हणून ते वाढून मोकळे होत. ताटावर आडवा हात धरणाऱ्यांची त्यांना विशेष गंमत वाटे. असा हात कुठून चुकवायचा हे त्यांना माणसाच्या कोपरावरूनच कळे. एक जाडजूड वकील रोज जेवायला येत. ते म्हणायचे, "काका, कोर्टात मी कुणाला हार जात नाही, पण तुमच्यापुढे आपलं अपील चालत नाही." काकांना हे इतकं आवडायचं की दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या ताटात आणखी एक डाव जास्त पडायचा.

खानावळ बाईंची. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकहाती चालवली, वाढवली आणि मुलीला परक्या शहरात हॉटेलचं शिकायला पाठवलं. या मुलीला सगळे ताई म्हणत. काकांनी तिला लहानपणी खांद्यावर बसवून हॉलभर फिरवलं होतं, त्यामुळे आता तिला अहोजाहो करावं की अरेतुरे, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर ती "तुम्ही" होती आणि स्वयंपाकघरात "तू". तर ही ताई शिकून परत आली ती डोक्यात वाइन घेऊन आली.

शहरात ती हवा आधीच शिरली होती. पूर्वी दारू म्हणजे दारू, पिणारा बदनाम आणि न पिणारा कंटाळवाणा, असा सोपा मामला होता. आता मात्र दातांच्या डॉक्टरांनी वाइन चाखणाऱ्यांची एक मंडळी जमवली होती. औषधाच्या दुकानदारांनी घरात बाटल्या आडव्या ठेवायची खास मांडणी करून घेतली होती. केस कापायला बसलेली माणसंसुद्धा एकमेकांना "चव बरी आहे, पण हिला बॉडी नाही," असं सांगत, आणि हे कुणाबद्दल चाललंय ते न कळल्यामुळे न्हावी कात्री थांबवून ऐकत राही.

"आपलं जेवण तिखट, आंबट, मसालेदार," ताई आईला म्हणाली. "लोक म्हणतात याच्याबरोबर वाइन जात नाही. का जात नाही? नीट निवडली की जाते."

"जात असेल तर जाऊ दे," बाई म्हणाल्या. "पण आपल्या माणसांना तूच शिकव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

ताईने एका दुपारी हॉल रिकामा झाल्यावर सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. ग्लास दांडीला धरायचा, गोल फिरवायचा, मग नाक आत घालायचं.

"कसला वास येतो?" तिने आचाऱ्याला विचारलं.

"द्राक्षाचा."

"आणखी?"

आचाऱ्याने पुन्हा नाक घातलं. "सडलेल्या द्राक्षाचा."

ताईने कपाळावर हात मारला आणि सांगितलं की हिच्यात लाकूड आहे, ओली माती आहे आणि नीट लक्ष दिलं तर थोडं चामडंही आहे. काकांनी हळूच वाकून टेबलाखाली पाहिलं, कुणी बूट काढून ठेवलेत का म्हणून.

वास काय, दांडी काय, काकांना सगळं चाललं असतं. एकच गोष्ट त्यांच्या गळ्याखाली उतरेना. ग्लास भरायचा नाही.

"तळाशी थोडीशीच असली पाहिजे," ताई म्हणाली. "आणि आधी तर फक्त घोटभर ओतायची. मग थांबायचं. पाहुणा चाखेल, मान हलवेल, त्यानंतर बाकीची."

"म्हणजे माणसासमोर बाटली धरून नुसतं उभं राहायचं? तो म्हणेल काय? म्हणेल, वाढायचं जिवावर आलंय यांच्या."

"काका, तशी रीत आहे."

"कुणाची?"

"वाइनची."

"बाटलीला कसली आलीय रीत," काका पुटपुटले, पण मान डोलावली.

पहिल्याच संध्याकाळी दातांचे डॉक्टर मित्रांना घेऊन आले. काकांनी घोटभर ओतली. एवढ्या मोठ्या ग्लासच्या तळाशी ते इवलंसं डबकं पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते डॉक्टरांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पोरगी नवी आहे साहेब, हात जरा आखडता आहे. राग मानू नका." मग बाटली खांद्यापर्यंत वर गेली, धार सुटली आणि ग्लास काठोकाठ भरला. थेंबही सांडला नाही. डॉक्टरांना तो ग्लास काही उचलता येईना. शेवटी ते दोन्ही हात पाठीशी घेऊन वाकले आणि टेबलावर ओठ टेकवून प्यायले. दुसरा ग्लास भरेपर्यंत बाटली संपली आणि बाकीची मंडळी हात चोळत बसली.

त्या आठवड्यात हे रोज झालं. ताईने समजावलं, हात जोडले, डोळे वटारले. काका प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणत, आणि ग्लास समोर आला की हात आपलं तेच करी. एकदा तर त्यांनी युक्तिवादही केला. "तूच म्हणालीस ना, वाइनला हवा लागली पाहिजे? मग एवढ्या उंचावरून सोडतोय ती काय!"

ताईच्या सहनशक्तीचा अंत झाला. "शनिवारी वाइनचं जेवण ठेवलंय," ती म्हणाली. "डॉक्टरांची सगळी मंडळी येणार. वाढायला तुम्हीच हवेत, कारण तुमच्यासारखा वाढपी माझ्याकडे दुसरा नाही. पण एक जरी ग्लास काठापर्यंत भरलेला दिसला ना काका, तर रविवारपासून तुम्ही पार्सलच्या खिडकीवर. शब्द द्या."

काकांनी शब्द दिला, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पार्सलची खिडकी मागच्या बोळात होती. एक स्टूल, छतापर्यंत रचलेले खोके, आणि दुपारी कचेऱ्यांतून येणारी घाईतली माणसं. डबा बांधायचा, पिशवीत घालायचा, हातात द्यायचा. हॉलमध्ये दिवे लागायच्या वेळी ती खिडकी बंदही होऊन जाई. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथे जेवणारा माणूस दिसत नसे. पहिला घास आत गेल्यावर माणसाच्या भुवया नकळत वर जातात, त्या बघण्यासाठी तर काकांनी पायांची दुखणी सोसली होती. खिडकीतून भुवया दिसणार कुठून? तिथे जाणं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसण्यासारखंच, असं त्यांना वाटलं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. काकू शाळेचे गणवेश शिवत. दोन खोल्यांच्या घरात शिलाईमशीन, कापडाचे ढीग आणि एक घडीचं टेबल. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हॉलमधून आणलेला दांडीचा ग्लास त्या टेबलावर ठेवला, बाटलीत लाल सरबत कालवलं आणि खांद्यावर फडकं टाकलं.

"बसा बाईसाहेब."

"कोण बाईसाहेब?"

"तूच. आता तू गिऱ्हाईक."

काकूंनी लगेच मांडीवरचं कापड बाजूला टाकलं आणि पाठ ताठ केली. "पंखा जरा वाढवा हो. आणि हे टेबल डुगडुगतंय."

"ते काही नको. नुसतं प्यायचं."

"मग मी शेजारच्या हॉटेलात जाते."

काकांनी घोटभर ओतलं. "एवढंच?" असं काकूंनी म्हणायचा अवकाश, ग्लास काठोकाठ भरला. पुन्हा ओतलं, पुन्हा भरला. काकूंनी न विचारता नुसती मान जरी हलवली तरी काकांचा हात सुटे. गणवेशाच्या एकाही बाहीवर सरबत पडलं नाही ते काकांच्या कसबामुळे, पण काकूंच्या पोटात मात्र बाटलीभर गेलं.

"मला बुडवायचाच विचार दिसतोय तुमचा," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही ओतलंत की लगेच पुन्हा बाटलीकडे बघता. माझ्याकडे बघा ना."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि गप्प बसल्या. काकांनी या पायावरचा भार त्या पायावर टाकला.

"आवडलं का?"

"थांबा."

"सांग ना."

"नाही आवडलं."

काकांच्या हातातली बाटली तशीच राहिली. "नाही म्हणजे?"

"फार गोड आहे."

"पण तुला गोडच आवडतं की!"

"कुणी सांगितलं?"

घरातलं एकच काम ते करत आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. सकाळचा चहा. त्यात सढळ हाताने साखर घालून, काठोकाठ कप भरून ते काकूंच्या हातात देत. "म्हणजे चहा..." ते म्हणाले.

"मला बिनसाखरेचा आवडतो. लग्नाच्या आधीपासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही वाढून मोकळे होता. मधे बोलायला फट कुठे असते?" काकूंनी हे रागाने म्हटलं नाही. म्हणता म्हणता त्यांनी सुईत दोराही ओवला.

काकांना फार वाईट वाटलं. आपण आयुष्यभर जिला जीव लावला तिला रोज सकाळी तोंड वाकडं करून चहा प्यावा लागला, आणि तेही आपल्याच हातचा. ते बराच वेळ फडक्याने कोरडाच ग्लास पुसत राहिले. मग त्यांनी पुन्हा घोटभर ओतलं आणि या वेळी बाटलीकडे पाहिलंच नाही. काकूंचा चेहरा काय म्हणतो हे शोधण्यात ते इतके गढून गेले की हात भरायचं विसरला. काकूंनीच मग टाळी वाजवली. "जमलं की हो!"

शनिवारी हॉल उजळला. डॉक्टरांच्या मंडळींपैकी एका मुख्याध्यापिकेला ऐनवेळी ताप आला आणि एक खुर्ची रिकामी राहिली. बाई म्हणाल्या, "मधे खुर्ची रिकामी बरी दिसत नाही. काका, काकूंना बोलावून घ्या." काकू ठेवणीतले कपडे घालून आल्या आणि वकीलसाहेबांच्या शेजारी, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. दारूचा थेंब त्यांनी जन्मात घेतला नव्हता, पण आता आलोच आहोत तर बघू, असा त्यांचा चेहरा होता.

ताईने सगळं आखलं होतं. आधी मासा आणि त्याच्याबरोबर पांढरी वाइन. मग भाजलेलं मांस आणि गडद लाल. तिखट रश्शाबरोबर जराशी गोडसर. एक पदार्थ संपला की दुसरा. पण आचाऱ्याने नेहमीप्रमाणे सगळं एकदम बाहेर पाठवलं.

"मी एकेक म्हटलं होतं!" ताई स्वयंपाकघरात ओरडली.

"माणसं भुकेली बसलीत आणि मी एकेक वाडगा पाठवू?" आचारी म्हणाला. "माझ्यानं नाही व्हायचं ते."

तोवर बाहेर मंडळींनी लहानपणापासून जे केलं तेच केलं. मधल्या भांड्यांतून सगळं थोडं थोडं ताटात घेतलं. माशाचा रस्सा मांसाखाली शिरला, आंबट तिखटात मिसळलं, भाताने सगळ्यांना पोटात घेतलं. कुठल्या घासात काय आहे हे खुद्द खाणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. ताईचे डोळे भरून आले. एवढी शिकली, पण सगळे पदार्थ एकाच घासात खाणाऱ्या माणसांना कुठली वाइन द्यायची हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "सगळ्या बाटल्या उघडा. ज्याला जी आवडेल ती. एकेकाला चाखायला द्या आणि विचारा."

काका निघाले. वकीलसाहेबांच्या ग्लासात त्यांनी घोटभर ओतलं, चेहऱ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आवडते का बघा. नसेल तर दुसरी आहे." वकीलसाहेबांचा घास हातातच राहिला. "काका, तब्येत बरी आहे ना?"

औषधाच्या दुकानदारांनी पांढरी चाखली, मान हलवली आणि म्हणाले, "हिलाही हीच द्या." हिला म्हणजे शेजारच्या त्यांच्या बायकोला.

"तुमची तुम्ही चाखलीत साहेब," काका म्हणाले. "बाईसाहेबांची त्या चाखतील."

बाईसाहेबांनी पांढरीला नाक मुरडलं, गोडसरला नको म्हटलं आणि सगळ्यांत गडद, जीभ ओढून धरणारी लाल होती तिला पसंती दिली. दुकानदार आपल्या फिक्या ग्लासकडे आणि तिच्या काळपट ग्लासकडे आळीपाळीने बघत राहिले. मग काय, प्रत्येकालाच आपापली चाखायची होती. टेबलावर वाद झाले, एकमेकांचे ग्लास हिसकावले गेले, डॉक्टरांनी तीनदा मत बदललं. काका प्रत्येकाशी थांबले. एकही ग्लास जास्त भरला नाही. ताई त्यांच्या मागोमाग डोळ्यांत तेल घालून फिरत होती, आणि हळूहळू तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

सगळ्यात शेवटी काका आपल्या बायकोपाशी आले. पांढरी ओतली. काकूंनी डोळे मिटून घोट घेतला.

"नको. आंबट आहे."

दुसरी ओतली.

"ही खोकल्याच्या औषधासारखी लागते." दुकानदारांनी चमकून वर पाहिलं.

मग काकांनी एक फिकट लाल बाटली घेतली. ती अजून कुणी निवडली नव्हती. काकूंनी रश्शात कालवलेल्या भाताचा घास घेतला, वर घोट घेतला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. हॉलभर माणसांच्या भुवया बघण्यात आयुष्य घालवलेल्या काकांनी आपल्या बायकोच्या भुवया अशा वर गेलेल्या कधी पाहिल्याच नव्हत्या.

"ही," काकू म्हणाल्या. "ही आवडली मला."

काकांना दिलेला शब्द आठवत होता. ताई हाताच्या अंतरावर उभी आहे हेही दिसत होतं. तरीही बाटली खांद्यापर्यंत वर गेली, धार सुटली आणि काकूंचा ग्लास काठोकाठ भरला.

"काका!" ताई म्हणाली.

टेबलावरचा गलका थांबला. काकांनी बाटली खाली ठेवली. "ताई, चुकून झालं असं म्हणणार नाही. समजून उमजून भरला. तिला आवडली, मग माझ्यानं थोडी नाही देववली." त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून घडी घातली. "रविवारपासून खिडकीवर जातो."

ताईने ग्लासकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. "जाऊ द्या काका. आजचा नाही धरत मी. हॉल तुमचाच."

"अपील मंजूर!" वकीलसाहेब ओरडले आणि सगळे हसले. काकांचा जीव भांड्यात पडला.

"नको," काकू म्हणाल्या.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"शब्द दिलाय ना त्यांनी, मग पाळू द्या. ताई, ती खिडकी दिवे लागायच्या वेळेला बंद होते ना?"

"होते," ताई गोंधळून म्हणाली.

"मग ह्यांना तिथेच बसवा." काकूंनी पर्स मांडीवर नीट केली. "मला कुणी विचारलं असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं. रोज संध्याकाळी हे सगळ्या शहराला पोटभर वाढतात. आणि मी घरी भिंतीकडे तोंड करून एकटी जेवते. जेवण उरतं हो. एकटीसाठी मोजून रांधायला मला अजून जमलेलं नाही."

काकांनी हॉलवरून नजर फिरवली. दिवे, टेबलं, रंगीबेरंगी ग्लास, अर्धवट थांबलेले घास. हे सगळं त्यांना किती प्यारं आहे हे त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं. मग ते खुर्चीपाशी वाकले.

"तुला खरंच तसं हवंय का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत थांबले.

काकूंनीही घाई केली नाही. "हो," त्या म्हणाल्या.

काका सरळ उभे राहिले, ताईकडे वळले आणि म्हणाले, "खिडकी सकाळी किती वाजता उघडायची असते?"